परदेशात राहणारी आफ्रिकन मंडळी गावाकडे जाऊन शिकवतात, ते नेमकं काय असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे यूकेत घाना, केनिया, सोमालीलँड, नायजेरियाकडची बरीच मंडळी ओळखीची झालीत, कोणी नर्स, कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी शाळेत गणित शिकवतं, आणि त्यातले काही जण सुट्टी टाकून गावाकडे जातात आणि आपल्याला जे येतं ते तिथल्या लोकांना शिकवून येतात. मी त्यांच्या प्लॅनिंगला आणि कागदपत्रांना थोडाफार हातभार लावतो, म्हणून ओळखीचे मराठी लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

प्रश्न: डायस्पोरा व्हॉलंटियर म्हणजे नक्की कोण?

मूळचा आफ्रिकेतला, आता बाहेर राहणारा, आणि आपलं कसब घेऊन काही दिवसांसाठी परत जाणारा माणूस. आफ्रिकन युनियनने २००५ मध्ये डायस्पोराची व्याख्या केली तिच्यात नागरिकत्वाची अट नाही, आफ्रिकन मूळ पाहिजे आणि खंडासाठी काही करायची तयारी पाहिजे, बस. ही कल्पना तशी जुनी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीने १९७७ मध्ये टोकटेन नावाची योजना काढली, सुरुवात तुर्कस्तानातून झाली पण पुढे मालीसारखे आफ्रिकन देशही त्यात आले. परदेशी स्थायिक झालेल्या तज्ज्ञाला प्रवासखर्च आणि राहण्याजेवण्याचा भत्ता द्यायचा, पगार द्यायचा नाही, आणि त्याने मायदेशी जाऊन थोडे दिवस काम करायचं. २००१ मध्ये आयओएमने, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने, खास आफ्रिकेसाठी मिडा नावाचा कार्यक्रम सुरू केला. पण खरं सांगायचं तर यातलं पुष्कळसं काम कुठल्याच योजनेत न बसता चालतं, एका गावची माणसं पॅरिसला किंवा लंडनला एकत्र येतात, मंडळ काढतात, वर्गणी जमवतात, आणि त्यातलाच कोणीतरी गावी जातो. आपल्याकडे मुंबईत कोकणातल्या गावांची मंडळं असायची ना, तोच प्रकार.

प्रश्न: ते लोक घरी पैसे तर पाठवतातच, मग स्वतः जायचं काय अडलंय?

पैसे भरपूर पाठवतात. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२३ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे ५४ अब्ज डॉलर असे घरी आले. पण ते जातात कुठे तर धान्य, शाळेची फी, आजारपण, मयत, घराचं छप्पर. जायलाच पाहिजेत, त्यात काही चूक नाही. फक्त त्या पैशातून गावातल्या पोराला वेल्डिंग येत नाही.

आता माझं एक मत आहे, ते पुढच्या सगळ्या उत्तरांत डोकावणार आहे म्हणून आत्ताच सांगून टाकतो. शिकवलेली गोष्ट गावात टिकते कधी, तर शिकणाऱ्याला तिच्यातनं चार पैसे मिळायला लागले की. नुसता उत्साह, सर्टिफिकेट, समारोपाचा फोटो यावर काही टिकत नाही. हे ऐकायला फार व्यवहारी वाटतं, आणि काही मंडळी नाराजही होतात, पण जिथे काम उभं राहिलंय तिथे बघा, बहुतेक ठिकाणी हेच दिसतं.

प्रश्न: एखादं ठोस उदाहरण द्या ना, उगाच गोल गोल नको.

गांदो. बुर्किना फासोमधलं गाव. तिथला फ्रान्सिस केरे, १९६५ चा जन्म, गावच्या मुखियाचा थोरला मुलगा, गावातून शाळेत गेलेला पहिला पोरगा. गावात शाळाच नव्हती त्यामुळे लहानपणीच घर सोडून तेंकोदोगोला राहावं लागलं. १९८५ मध्ये सुतारकामाची स्कॉलरशिप मिळून जर्मनीत गेला, मग बर्लिनमध्ये आर्किटेक्चर शिकायला लागला, आणि शिकत असतानाच मित्रांना धरून संस्था काढली, पैसे जमवले आणि गावात शाळा बांधायला घेतली. २००१ मध्ये शाळा उभी राहिली, तोवर त्याची स्वतःची डिग्रीसुद्धा हातात आलेली नव्हती.

मजा पुढे आहे. गावाला वाटलं जर्मनीहून आलाय म्हणजे काच-सिमेंटचं काहीतरी भारी बांधणार, आणि हा म्हणतो मातीची बांधू या. लोक म्हणाले अरे बाबा, माती पावसाळ्यात वाहून जाते, हे आम्ही दरवर्षी बघतो, तुला एवढं शिकून हेच सुचलं का? त्यावर त्याने भाषण दिलं नाही. मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबून विटा पाडल्या, कमानीचा नमुना बांधला आणि त्यावर माणसं उभी करून उड्या मारून दाखवल्या. मग गाव तयार झालं. बायांनी जमीन चोपून चोपून गुळगुळीत केली, ते काम त्यांना आधीपासूनच येत होतं, ते त्याने तसंच घेतलं.

छताचं डोकं तर बघण्यासारखं आहे. मराठवाड्यात एप्रिल महिन्यात पत्र्याच्या वर्गात बसलेल्याला लगेच कळेल. पत्रा थेट डोक्यावर न ठेवता खाली मातीच्या विटांचं वेगळं छत, त्यात हवा जायला फटी, आणि त्याच्या वर बरीच जागा सोडून पत्रा, म्हणजे तापलेली हवा मधल्या मध्ये निघून जाते आणि वर्ग त्यातल्या त्यात थंड राहतो. पत्रा पेलायला कैच्या पाहिजेत, पण क्रेन कुठून आणणार, मग साध्या बांधकामाच्या सळया घेतल्या, हाताच्या करवतीने कापल्या आणि छोट्या वेल्डिंग मशीनने जोडल्या. हे दोन्ही गावातल्या पोरांना शिकवलं. आणि त्या पोरांना पुढे दुसरीकडच्या बांधकामांवर मजुरी मिळायला लागली, कारण आता ते नुसते बिगारी राहिले नव्हते. २००४ मध्ये त्या शाळेला आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये केरेला आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा समजला जाणारा प्रित्झकर मिळाला, आफ्रिकेतला तो पहिला. पण आपल्या विषयापुरतं पुरस्कार बाजूला ठेवा, ते वेल्डर पोरगे महत्त्वाचे.

प्रश्न: हे ठीक आहे, पण केरे म्हणजे जगप्रसिद्ध आर्किटेक्ट. साध्या माणसाने काय करायचं?

साध्या माणसांचंही उदाहरण आहे, आणि मला तर ते जास्त आवडतं. ६० च्या दशकाच्या शेवटापासून ७० च्या सुरुवातीपर्यंत सहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या खालच्या कोरड्या पट्ट्यात, भयानक दुष्काळ पडला. तेव्हा माली, सेनेगल, मॉरिटानियाकडचे बरेच पुरुष फ्रान्समध्ये कारखान्यांत नाहीतर साफसफाईच्या कामाला होते, कामगारांच्या वसतिगृहांत दाटीवाटीने राहायचे आणि घरी पैसे पाठवायचे. त्यातल्या काही जणांनी विचार केला की आपण असेच पैसे पाठवत राहिलो तर पुढच्या दुष्काळात आपली पोरंपण इथेच येणार. म्हणून १९७६ मध्ये ते फ्रान्समधल्याच शेतकऱ्यांकडे जाऊन राहिले, पाणी कसं द्यायचं, भाजीपाला कसा काढायचा ते शेतावर काम करत शिकले, आणि १९७७ मध्ये मालीच्या ‘काय’ (Kayes) नावाच्या भागात सेनेगल नदीच्या काठी सोमांकिदी कुरा नावाची सहकारी शेती सुरू केली. चौदा जण होते. फोटोग्राफर बुबा तुरे त्यातलाच एक, त्याने सुरुवातीपासूनचे फोटो काढून ठेवलेत म्हणून हे सगळं आज बघायला मिळतं.

यांच्यापैकी कोणी मोठा तज्ज्ञ नव्हता. शिवाय हे लोक शिकवायला गेलेच नाहीत, स्वतः शेती करायला गेले. नदीवर इंजिन लावून पाणी उचललं, केळी लावली, भाजी लावली, ती विकली, आणि आजूबाजूच्या गावांनी बघितलं की बाबा यांचं चाललंय. वर्कशॉप वगैरे काही लागलं नाही.

प्रश्न: शेतीत त्यांना काय शिकवणार? ते पिढ्यान्‌पिढ्या शेतीच करतायत ना?

बरोबर प्रश्न. शेती शिकवायला गेलेल्या माणसाने आधी गप्प बसून ऐकावं असं माझं मत आहे. बुर्किना फासोतलाच याकुबा सावादोगो, शेतकरी, परदेशी डिग्री वगैरे काही नाही, त्याने झाय नावाची जुनी पद्धत सुधारली. उन्हाळ्यात कडक झालेल्या जमिनीत खड्डे खणायचे, त्यात शेणखत, पाला टाकायचा, वाळवी येऊन जमीन पोकळ करते, मग पहिल्या पावसाचं पाणी त्याच खड्ड्यात मुरतं आणि तिथेच बी पेरायचं. उजाड माळावर त्याने ज्वारी-बाजरी काढली आणि शेवटी अख्खं जंगल उभं केलं. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आता अशा माणसाला बर्मिंगहॅमहून आलेला पुतण्या काय शेती शिकवणार.

पण बाहेरून येणाऱ्याकडे काही गोष्टी असतात ज्या गावात मिळत नाहीत. इथिओपियाचा गेबिसा एजेटा घ्या. गवताच्या एका खोलीच्या झोपडीत वाढला, शिकून अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि आयुष्यभर ज्वारीवर काम केलं. ज्वारी मुळात तिकडचीच, आपल्याकडे नंतर आली, आणि तिचा शत्रूही दोन्हीकडे एकच, टारफुला. सोलापूर-विदर्भाकडच्या जुन्या शेतकऱ्याला विचारा, जांभळं-पांढरं फूल दिसायला गोजिरवाणं आणि मुळाला चिकटून पीक पिऊन टाकणारं. बी धुळीसारखं बारीक आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. एजेटाने टारफुल्याला दाद न देणारे ज्वारीचे वाण काढले, १९९४ मध्ये त्याचं आठ टन बी बारा आफ्रिकन देशांत वाटलं गेलं, आणि २००९ मध्ये त्याला वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. हे व्हॉलंटियरचं काम नाही, ही आयुष्यभराची नोकरी होती, हे मान्य. पण नुसतं बी देऊन भागत नाही, त्याच्या जोडीला खत आणि पाणी अडवायच्या सऱ्या लागतात, आणि ते शेतावर उभं राहून दाखवायला माणूस लागतो, तिथे सुट्टीवर आलेला कृषी पदवीधर कामाला येतो.

प्रश्न: तीन आठवड्यांत शिकवता येईल असं शेतीतलं काही आहे का?

आहे, काढणीनंतरचं. मका ओला असताना पोत्यात भरला की बुरशी धरते आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष माणसाचं लिव्हर खलास करतं. केनियात २००४ मध्ये माकुएनी, किटुई भागात अशा मक्याने १२५ माणसं गेली. गावात ओलावा मोजायचं मशीन नसतं, दाताखाली दाणा धरून अंदाज घेतात, आणि भूक लागलेली असली की अंदाज चुकतो.

त्यावर मिठाची टेस्ट आहे, मला तर ती बघूनच आवडली. कोरडी काचेची बाटली घ्यायची, कोरडी म्हणजे खणखणीत कोरडी, मीठसुद्धा उन्हात वाळवून घेतलेलं. बाटलीत साधारण तिसरा हिस्सा मका, दोन-तीन चमचे मीठ, झाकण घट्ट, एक मिनिटभर चांगली हलवायची आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायची. मीठ काचेला चिकटून बसलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पोतं भरायचं नाही. नाही चिकटलं तरी लगेच खूश होऊ नका, साठवायला साडेतेराच्या खाली पाहिजे, म्हणून अजून एखादं ऊन द्यायचं. बाटली फुकट, मीठ घरातलं, आणि म्हातारी आजीसुद्धा नातवाला दाखवू शकते.

मग पुढची पायरी हवाबंद गोणी, आत प्लॅस्टिकचे दोन थर आणि बाहेर विणलेलं पोतं, तोंड पिळून बांधलं की आतले किडे हवेअभावी मरतात, औषध टाकायला लागत नाही. (ओला मका यात भरला तर आणखी वाटोळं, म्हणून आधी मिठाची टेस्ट.) आता इथे बरेच जण एक चूक करतात, परदेशातून येताना गोण्या फुकट वाटतात. वाटू नका. बाजारातल्या खत-बियाणांच्या दुकानदाराला ठेवायला सांगा, त्याला गोणीमागे थोडं सुटलं की तोच प्रत्येक गिऱ्हाइकाला मिठाची टेस्ट दाखवून गोणी खपवेल, आणि पुढच्या हंगामात तुम्ही नसाल तेव्हाही गोणी मिळेल.

प्रश्न: गावात हापसा बसवून दिला तर? ते तर सगळ्यात पुण्याचं काम.

पुण्याचं आहे, पण आफ्रिकेत हापसे कमी नाहीत, चालू हापसे कमी आहेत. २००९ च्या एका अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेला बसवलेल्या हापशांपैकी साधारण तिसरा हिस्सा बंद होता.

आणि यात आपला एक धागा आहे जो फार लोकांना माहीत नाही. जगात सगळ्यात जास्त पसरलेला हापसा म्हणजे इंडिया मार्क टू, ७० च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने मिळून तयार केला. त्याच्या आधी जालना आणि सोलापूर भागात मिशनवाल्यांनी आणि तिथल्या मिस्त्री लोकांनी मजबूत पोलादी पंप बनवले होते, त्यातल्या सोलापूर पंपावरून मार्क टू पुढे आला. आज युगांडात तोच पंप यू-टू या नावाने चालतो. म्हणजे तिकडच्या एखाद्या खेड्यात बाई पाणी हापसत असेल तर त्या दांड्याचा पणजोबा सोलापूरचा.

बंद का पडतात? काही ठिकाणी पाणी आम्लधर्मी असतं, गॅल्वनाइज्ड पाइप दोन-तीन वर्षांत सडतात, तिथे स्टेनलेस किंवा प्लॅस्टिकचे घालायला पाहिजेत हे बसवणाऱ्याने बघितलेलं नसतं. काही ठिकाणी वॉशरसारखी किरकोळ वस्तू जिल्ह्याच्या गावाशिवाय मिळत नाही. पण सगळ्यात मोठं कारण माणसाचं. ८० च्या दशकात केनिया-मलावीकडे ॲफ्रिडेव्ह नावाचा हापसा काढला, मुद्दाम असा की गावातल्या माणसाने एकाच पान्याने उघडावा, दुरुस्त करावा. डिझाइन झकास. मग पाणी समिती नेमली, दोघांना ट्रेनिंग दिलं, टूलबॉक्स दिला आणि सांगितलं की आता गावासाठी फुकट करत राहा. सांगा, कोण करणार? पंप वर्षातून एकदा-दोनदा बिघडतो, तोवर शिकलेलं विसरतं, आणि त्या पोराला तर शहरात काम मिळालेलं असतं.

केनियात क्वाले आणि किटुई भागात फंडीफिक्स म्हणून एक व्यवस्था आहे, तिथे उलटं केलं. फुंडी म्हणजे तिकडचे मिस्त्री, त्यांना अनेक गावांचे मिळून भरपूर पंप सांभाळायला दिले, गावाने ठरावीक वर्गणी मोबाइलवरून भरायची आणि बिघाड झाला की काही दिवसांत दुरुस्ती झालीच पाहिजे. मिस्त्रीला वर्षभर काम, म्हणून तो मिस्त्रीच राहतो. त्यामुळे लंडनच्या मंडळाकडे पैसे जमले असतील तर नवा हापसा बसवून त्यावर मंडळाचं नाव रंगवण्यापेक्षा दहा गावांच्या मिस्त्रीला पाइप उपसायचं सामान आणि मोटरसायकल दिलेली बरी. नाव मोटरसायकलवर रंगवा हवं तर.

प्रश्न: डॉक्टर-नर्सचं काय? त्यांची तर सगळ्यात जास्त गरज असेल.

आहे. आयओएमने फिनलंडमधल्या सोमाली डॉक्टर-नर्सना सोमालीलँड, पुंटलँडकडच्या दवाखान्यांत काही महिन्यांसाठी पाठवायचा कार्यक्रम चालवला होता, भाषा एकच असल्यामुळे दुभाषा लागत नाही, रात्रपाळीच्या नर्सलासुद्धा शंका विचारायला संकोच वाटत नाही. आणि या विषयात एडना आदान इस्माइल हे नाव घेतल्याशिवाय चालणार नाही. सोमालीलँडची राजधानी हर्गेसाची, जन्म १९३७, ब्रिटनमध्ये नर्स आणि सुईण म्हणून शिकली, पुढे जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या हुद्द्यावर गेली, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची पुंजी घालून, सामानसुमान विकून, कचरा टाकायच्या जागेवर प्रसूती रुग्णालय उभं केलं, २००२ मध्ये सुरू झालं. २०२३ ला टेम्पलटन पुरस्कार मिळाला. मुद्दा असा की बाई नुसती बाळंतपणं करत बसली नाही, सुईणींचं शिक्षण सुरू केलं आणि शिकलेल्या मुली खेड्यांकडे पाठवल्या.

पण आपण तीन आठवडे जाणाऱ्या नर्सबद्दल बोलतोय. तिने स्वतः पेशंट बघू नयेत असं मी तरी सांगतो. एक तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं, ते नसताना हात लावणं बेकायदेशीर, आणि दुसरं म्हणजे ती गेल्यावर काय? त्यापेक्षा एकच गोष्ट पक्की करून यावी. उदाहरणार्थ जन्मल्यावर न रडणारं बाळ. बाहुली, बॅग आणि मास्क घेऊन बसायचं. आधी पुसून कोरडं करायचं, पाठ चोळायची, श्वास घेत नाही म्हटलं की मास्क नाक-तोंडावर नीट बसवून बॅग दाबायची, छाती वर येते का बघायची, आणि हे पहिल्या मिनिटाच्या आत सुरू झालं पाहिजे. ऐकायला सोपं आहे, पण मास्कच्या कडेने हवा निसटते आणि छाती हलतच नाही, हे हाताला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा करावं लागतं. बाहुली तिथेच ठेवून यायची आणि महिन्यातून एकदा सराव कोण घेणार ते नावानिशी ठरवायचं.

इथेही माझं पैशाचं तुणतुणं आहेच. शिकलेली चांगली नर्स राजधानीला जाते, तिथून आखाती देशात नाहीतर इथे यूकेत येते. तिला दोष देता येत नाही, तुमचा व्हॉलंटियर तरी वेगळं काय करून इथे आलाय?

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलमध्ये जुनी मशिनं काढून टाकतायत, पाठवू का?

विचारल्याशिवाय नको. गरीब देशांतल्या दवाखान्यांमधली सुमारे ४० टक्के उपकरणं बंद असतात असं एका पाहणीत दिसलं होतं. विजेचं व्होल्टेज खालीवर, धूळ, उकाडा, स्पेअर पार्ट नाही, मॅन्युअल जर्मनमध्ये. पाठवायचंच असेल तर आधी तिथल्या टेक्निशियनशी बोला, तो नको म्हणाला तर विषय संपला.

प्रश्न: स्वतःच्याच गावात जायचं म्हणजे सगळं सोपं असेल ना? भाषा, माणसं, सगळं ओळखीचं.

अर्धं सोपं, अर्धं जास्त कठीण. गोऱ्या माणसाने चूक केली तर लोक हसून सोडून देतात, गावच्या पोराने केली तर त्याच्या आईला बोलणी बसतात. तुम्ही पोचायच्या आधी बातमी पोचलेली असते की लंडनवाला येतोय, मग काकांचं ऑपरेशन, भाचीची फी, चर्चचं छप्पर, सगळ्यांच्या याद्या तयार. शिकवायला आलोय, पैसे आणले नाहीत, हे चुलत्याला तोंडावर सांगायचं धाडस सगळ्यांना होत नाही. ट्रेनिंगला कोण बसणार ही यादी बहुतेक वेळा एकाच घराण्याची निघते. वाळूचं कंत्राट मेव्हण्याला द्यायचा आग्रह होतो. आपल्याकडची ग्रामपंचायत बघितलेल्याला यात नवल वाटू नये. म्हणून काही मंडळी मुद्दाम शेजारच्या जिल्ह्यात काम करतात, भाषा तीच पण नातेवाईक नाहीत, आणि मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

दुसऱ्या पिढीचं आणखी वेगळं. आईबापांची भाषा अर्धवट येते, आजीचे किस्से ऐकलेले असतात, आणि डोक्यात असलेलं गाव वीस-तीस वर्षांपूर्वीचं असतं. प्रत्यक्षात गावात बोडा-बोडावाला, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, मोबाइलवर भाडं घेतोय आणि पोरं यूट्यूब बघून फोन दुरुस्त करतायत. अशा पोरांनी पहिल्या खेपेला काही शिकवू नये, नुसतं राहून यावं.

प्रश्न: किती दिवसांसाठी जातात?

सुट्टी मिळेल तेवढी, बहुतेकांची दोन-तीन आठवडे. एकच माणूस त्याच गावात परत परत गेला तर उपयोग जास्त, दरवर्षी नवं गाव निवडणाऱ्याचा प्रवास होतो फक्त. पेरणी, काढणी आणि रमजान बघून तारखा ठरवाव्यात, नाहीतर हॉलमध्ये तुम्ही आणि खुर्च्या.

प्रश्न: खर्च कोण करतं?

बहुतेक स्वतःच. काही योजनांमध्ये तिकीट आणि भत्ता मिळतो. कोणी उलट तुमच्याकडूनच व्हॉलंटियर व्हायची मोठी फी मागत असेल आणि त्यातलं गावाला किती जातं हे नीट सांगत नसेल तर लांब राहा.

प्रश्न: झूमवरून शिकवता येत नाही का? तिकीट तरी वाचेल.

आधी जाऊन भेटून आलेलं असेल तर येतं. झूमपेक्षा व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट बरी, डेटा कमी लागतो, रेंज आल्यावर ऐकता येते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चालते. मिस्त्री बिघडलेल्या इन्व्हर्टरचा व्हिडिओ पाठवतो, इकडचा इलेक्ट्रिशियन रात्री जेवण झाल्यावर सांगतो की डावीकडचा फ्यूज बघ. बॅटरीत साधं पाणी नाही, डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, हे सांगायला विमानात बसायची गरज नाही.

प्रश्न: आमचे आजोबा-पणजोबा नैरोबी-कंपालाला होते, मूळ गोव्याचे. आम्ही यात बसतो का?

पूर्व आफ्रिकेत गोव्याची पुष्कळ कुटुंबं होती, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, शिवणकामात, बेकरीत. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं आणि बरीच मंडळी ब्रिटन-कॅनडात आली, अजूनही घरात स्वाहिली शब्द वापरणारी आहेत. आफ्रिकन युनियनच्या व्याख्येत आफ्रिकन मूळ असा शब्द आहे, त्यात तुम्ही बसता का यावर वाद घालता येईल. पण केनियाने २०१७ मध्ये आपल्या आशियाई नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा दार अगदीच बंद नाही. स्वाहिली येणारा निवृत्त अकाउंटंट गावच्या बचत गटाला, तिकडे चामा म्हणतात, हिशेब ठेवायला शिकवणार असेल तर त्याला कोणी व्याख्या विचारत बसणार नाही.

प्रश्न: आणि मी, पुण्याचा, आफ्रिकेशी काहीच संबंध नाही, मी जाऊ शकतो का?

जाऊ शकता, पण पुढे तुमच्या आफ्रिकन सहकाऱ्याला राहू द्या. त्याचं गाव, त्याची भाषा, तुम्ही त्याच्या मागे सामान धरून. ठिबक, शेततळं, डाळ मिल, बचत गटाचे हिशेब यात आपल्याकडच्या माणसांचा हात बसलेला आहे, त्याचा उपयोग होतो. फक्त "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य दिवसातून एकदाच.

प्रश्न: काम खरंच झालं की नाही हे कसं कळणार?

पुढच्या वर्षी न सांगता फोन करा आणि विचारा की सध्या हे काम कोण करतंय आणि त्याचे किती घेतो. दर सांगितला म्हणजे काम चालू आहे. "तुम्ही कधी येताय" असा उलटा प्रश्न आला तर पुन्हा बसून विचार करा.

प्रश्न: निघायच्या आधी काय काय बघायचं?

व्हिसा. टुरिस्ट व्हिसावर गावात ट्रेनिंग घेतलं, फुकट घेतलं तरी काही देश त्याला काम धरतात, म्हणून त्या देशाच्या वकिलातीला आधी विचारा. नागरिकत्वाचे नियम देशोदेशी वेगळे, केनियात २०१० च्या घटनेपासून दुहेरी नागरिकत्व चालतं, इथिओपियात चालत नाही पण मूळच्या इथिओपियन लोकांना वेगळं पिवळं कार्ड मिळतं, आपल्या ओसीआयसारखं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून, आणि परत आल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या, बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद नाही करायच्या. यलो फीव्हरची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या, निघायच्या किमान दहा दिवस आधी, आणि लसीची नोंद असलेलं ते पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर ठेवा. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. तिकडून थेट मुंबईला उतरणार असाल आणि पुस्तक नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात, घरचे बाहेर गाडी घेऊन थांबलेले असले तरी.